जुन्या अमेरिकन गार्डन ट्रॅक्टरला उभं धुराडं स्वतः बनवायचं आहे. पाइप किती इंची घ्यावा? सायलेन्सर न लावता सरळ पाइप चालेल का?

बनवता येतं. पण किती इंची हे नंतर बघा, आधी तुमच्या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, जिथे धुराडं बसतं तिथे, आटे कुठल्या जातीचे आहेत ते बघा. हे कोणीच बघत नाही आणि आमच्या घरात ह्याच एका गोष्टीवरून सहा वर्षं धुसफुस चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं ठाण्यात वागळे इस्टेटला लेथचं छोटं वर्कशॉप आहे. बहिणीच्या सासरची घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे नर्सरी. ठाणे-बेलापूर रोडवरची एक कंपनी बंद पडली, तिच्या भंगारातून भाऊजींनी लॉन कापायचा जुना ट्रॅक्टर उचलला. बसका, लाल रंग उडालेला, पुढे कोहलरचं के-301 इंजिन. एकच सिलिंडर, 476 सीसी, 12 हॉर्सपॉवर, बिडाचा ब्लॉक. पॉइंट घासले, कार्ब्युरेटर धुतला, तर पठ्ठ्या तिसऱ्या स्टार्टला सुरू झाला. सायलेन्सरचा मात्र गंजून पापड झालेला.

भाऊजींना हवं होतं मोठ्या ट्रॅक्टरसारखं उभं धुराडं. कुंड्या घेऊन निघालं की रस्त्यावरच्या माणसाने मान वळवून बघितलं पाहिजे. मी म्हटलं, दोन दिवस थांबा, निपल (ब्लॉकमध्ये बसणारा, आटे पाडलेला पाइपाचा तुकडा) मी कातून देतो. थांबतील तर ते भाऊजी कसले! हार्डवेअरच्या दुकानातून निपल आणला, ब्लॉकमध्ये फिरवला. तीन आटे गेला आणि अडकला. मग पान्याच्या दांड्याला पाइप घालून दोघं लोंबकळले आणि "बसला बघ" म्हणून मला फोन केला.

बसला नव्हता, घुसला होता. आपल्याकडच्या पाण्याच्या पाइपाचे आटे बीएसपी, म्हणजे ब्रिटिश जातीचे. कोन 55 अंश आणि एक इंची पाइपाला इंचात 11 आटे. अमेरिकन एनपीटीचा कोन 60 अंश आणि इंचात साडेअकरा. शेजारी शेजारी ठेवले तरी डोळ्यांना फरक कळत नाही. पहिले दोन-तीन आटे गोडीत जातात, पुढे नवा आटा जुन्याला सोलत जातो. आणि बीड वाकून सांभाळून घेत नाही, त्याचा थेट टवका उडतो.

त्यावर तीन फुटांचं धुराडं. वेल्डिंग माझ्या दुकानातल्या पोराने केलं, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. वरचं टोक भाऊजींनी पट्टी मारून बॉनेटला बांधलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, की इंजिन एका तालात हलतं आणि बॉनेट दुसऱ्या, ह्या दोघांना बांधू नका. त्यावर उत्तर मिळालं, "तू लेथवाला, तुला ट्रॅक्टरचं काय कळतं?" आता जावईमाणूस, बोलणार काय?

हिशेब साधा आहे. इंजिन 3600 आरपीएमला, फोर स्ट्रोक, म्हणजे दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, सेकंदाला 30. दहा मिनिटांत 18,000 दणके, तेही तीन अर्धवट धरलेल्या आट्यांवर. तिसऱ्या दिवशी मोगऱ्याच्या रोपांवर धुराडं आडवं झालं. निपल आट्यांपाशी तुटला होता आणि त्याच्याबरोबर ब्लॉकमधला नखाएवढा बिडाचा तुकडा निघून आला. तो तुकडा माझ्या ड्रॉवरमध्ये व्हर्निअरच्या डबीत आजही आहे.

भाऊजींचं निदान काय? "वेल्डिंग कच्चं होतं." वेल्डिंगची माळ अखंड, चीर तिच्यापासून अंगठाभर लांब आट्यांच्या मुळाशी, आणि वेल्डिंग कच्चं! आजही कोणाच्या लग्नकार्यात विषय निघाला की ते हेच सांगतात आणि माझ्या दुकानातलं पोर मान खाली घालतं.

ब्लॉकमधलं धूर बाहेर पडायचं भोक, म्हणजे पोर्ट, शेजारच्या मिलिंगवाल्याकडे बोअर करून त्यात स्टीलची स्लीव्ह (नळी) बसवली. माझ्या लेथच्या गिअरबॉक्सला साडेअकराचा आटा नाही, चेंज गिअरचा मेळ जमवण्यात अर्धी दुपार गेली. निपलला 16 ला 1 असा निमुळता उतार लागतो, तो टेलस्टॉक (लेथचा मागचा आधार) सरकवून काढला. धुराड्याला आधार दिला तो इंजिनाच्याच अंगाला बोल्ट केलेल्या जाड पट्टीचा. बॉनेटला नुसतं भोक, पाइपाभोवती सगळीकडून चार सूत, म्हणजे अर्धा इंच, मोकळं. त्यानंतर एकदाही तुटलेलं नाही.

आता तुमचा प्रश्न. पाइप पोर्टच्या मापापेक्षा बारीक नको, एक माप मोठा चालतो. काळा पाइप घ्या, सी क्लास म्हणजे जाड पत्र्याचा, त्यावर तांबडा पट्टा असतो. कळंबोलीला तुकड्यात मिळतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, घेऊ नका. वेल्डिंग करताना त्यावरचं जस्त जळतं, पांढरा धूर निघतो आणि रात्री हुडहुडी भरून ताप येतो. मी तरुणपणी एकदा अनुभव घेतलाय, पुरे झाला.

सायलेन्सर लावा. सरळ पाइपाने ताकद वाढते हे गॅरेजमधलं पुराण आहे. गव्हर्नर (वेग आवरून धरणारा भाग) लावलेल्या अशा जुन्या साइड व्हॉल्व्ह इंजिनाला जाणवेल असा फरक पडत नाही, आवाज तेवढा वाढतो. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे आणि घोडबंदर रोडला आता नर्सरीच्या तिन्ही बाजूंना टॉवर आहेत. तक्रार करणाऱ्याला खालीसुद्धा उतरावं लागत नाही. शिवाय सुक्या गवतात चालवणार असाल तर पाइपात जाळी हवी, कार्बनची ठिणगी उडते.

उंचीचं म्हणाल तर गार्डन ट्रॅक्टर बसका, चालवणाऱ्याचं तोंड बरोबर धुराड्याच्या मागे येतं. एकतर टोक डोक्याच्या वर न्या, नाहीतर उजवीकडे वळवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोलची टाकी जवळ असेल तर मध्ये पत्रा मारा, पत्र्याला दोन्हीकडून हवा खेळू द्या.

एक सांगायचं राहिलं. दुसऱ्यांदा धुराडं मीच बनवलं आणि त्याला झाकण केलं नाही. फ्लॅप नंतर बसवू म्हटलं आणि जून लागला. ट्रॅक्टरचं तोंड शेडच्या बाहेर होतं. उभा पाइप म्हणजे पावसाला नरसाळंच, सगळं पाणी थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर. जुलैत स्टार्टर मारला तर व्हॉल्व्ह गाइडमध्ये गंजून घट्ट बसलेला. हेड उघडून तो सोडवण्यात माझे दोन रविवार गेले. त्यामुळे वजन टाकलेला, आपोआप मिटणारा फ्लॅप पहिल्याच दिवशी लावा आणि एल्बोच्या (पाइपाच्या वळणाच्या जोडाच्या) तळाला एक सुताचं भोक ठेवा, आत गेलेलं पाणी तिथून गळून जातं.

ट्रॅक्टर उभा असतो तेव्हा आमच्या धुराड्यावर आता मातीची एक कुंडी उलटी घातलेली असते. ही युक्ती भाऊजींची. इथे लिहितोय, घरी बोलणार नाही.