नीतिसूत्रे २६:४-५ वर अडलायस? मग आधी हे वाच

अरे, तू बायबलमधल्या नीतिसूत्रे पुस्तकातल्या त्या दोन वचनांवर अडलास ते बरंच झालं. चौथं म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको आणि लगेच पाचवं म्हणतं दे. लिहिणाऱ्याने ती मुद्दाम शेजारी ठेवलीत, दोन्हीची कारणं तिथेच आहेत, ती वाच. आपल्याकडे तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आषाढात होडी घालू नको म्हणतो आणि नारळी पौर्णिमेनंतर घाल म्हणतो, माणूस तोच, वेळ वेगळी.

आता नव्या करारातली पत्रं लिहिणारे पौल आणि याकोब, त्यांचंही असंच उलटसुलट वाटतं. पौलाचं रोम ३:२८ म्हणतं माणूस नीतिमान ठरतो तो विश्वासाने, कर्मांनी नाही, आणि याकोब २:२४ म्हणतं नुसत्या विश्वासाने नाही. एकेक ओळ काढून भांडण लावू नको, दोन्ही पत्रं सलग वाच, मोबाईलवर ऑडिओ लावलास तरी चालेल. पौल बोलतोय नियमशास्त्राच्या, म्हणजे मोशेच्या नियमांच्या, कर्मांवर टेकणाऱ्यांशी, आणि याकोबाचा राग आहे तो उपाशी माणसाला 'खुशाल जा, पोटभर खा' म्हणून रिकाम्या हाताने पाठवणाऱ्यांवर. गंमत म्हणजे दोघंही अब्राहामाने देवावर विश्वास ठेवल्याचं उत्पत्ती १५:६ हेच वचन देतात! मला हे फार आवडतं.

येशूला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्याच्या मरणाचं मात्र घाईने जुळवू नको. मत्तय २७ मध्ये त्याने गळफास घेतला, प्रेषितांची कृत्ये १ मध्ये तो पडून पोट फुटलं. दोर तुटला असेल असं बरेच जण सांगतात, शक्य आहे, पण तसं लिहिलेलं कुठेच नाही. तू वहीत प्रश्न तसाच ठेव आणि पुढच्या अभ्यासाला घेऊन ये, पास्टरांना विचारू.