जठराचा कर्करोग आणि ईबीव्ही : वाचकांचे प्रश्न

डॉक्टर, वडिलांच्या जठराच्या गाठीच्या बायोप्सीत ‘ईबीव्ही पॉझिटिव्ह’ आले. आम्हा घरच्यांना संसर्गाची भीती आहे का? (नाशिक)

ईबीव्ही म्हणजे एपस्टाईन-बार विषाणू, आणि तो तुमच्या शरीरात बहुधा आधीच आहे. जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना तो कधी ना कधी लाळेतून लागलेला असतो, बऱ्याच जणांना लहानपणीच. एकदा आला की रक्तातल्या बी-पेशींमध्ये (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये) तो कायमचा मुक्काम ठोकतो. त्यातून कर्करोग होणारे फार थोडे. तेव्हा वडिलांचे ताट-पेला वेगळे काढू नका. जठराच्या कर्करोगांपैकी साधारण ९ टक्के गाठींत हा विषाणू सापडतो. या कर्करोगाचे सर्वांत मोठे संसर्गजन्य कारण मात्र हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणूच.

विषाणूचे मायक्रोआरएनए गाठीला मदत करतात असे वाचले. नेमके कसे? (एमएस्सीची विद्यार्थिनी, पुणे)

मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम २२ अक्षरांची आरएनएची तुकडी. तिच्यापासून प्रथिन बनत नाही. ती जुळणाऱ्या संदेशवाहक आरएनएला (जनुकाचा प्रथिन बनवण्याचा निरोप नेणाऱ्या आरएनएला) चिकटते आणि त्यापासून होणारे प्रथिन घटवते. आपल्या पेशी हे तंत्र रोज वापरतात. त्याच्या शोधाला २०२४चे नोबेल मिळाले. विषाणूही ते वापरतात हे २००४ मध्ये प्रथम दिसले, तेही ईबीव्हीमध्येच. त्याच्याकडे असे ४०हून अधिक मायक्रोआरएनए आहेत. जठराच्या गाठीत त्यातला ‘बार्ट’ गट भरपूर असतो, दुसरा ‘बीएचआरएफ१’ गट जवळपास गप्प.

गाठीत दडलेला ईबीव्ही प्रथिने अगदी मोजकी बनवतो, कारण परक्या प्रथिनांचे तुकडे दिसले की टी-पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) ती पेशी मारतात. मायक्रोआरएनए प्रथिनच नसल्याने टी-पेशींना त्यांचा असा सुगावा लागत नाही. माझ्या मते विषाणूची खरी हुशारी इथे आहे.

बिघडलेल्या पेशीने स्वतःला संपवावे यासाठी प्यूमा, बिड, बॅड अशी प्रथिने असतात. बार्ट गटातला बार्ट-५ प्यूमाला दाबतो, बार्ट-४ बिडला, बार्ट-२० बॅडला. लक्ष्ये वेगळी, पण परिणाम एकच : मरायला हवी ती पेशी जगते. बार्ट-२ आणखी एक काम करतो. ताणाखालची पेशी आपल्या पृष्ठभागावर एमआयसीबी हे प्रथिन आणते आणि ते पाहून एनके पेशी (बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या आणखी एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) हल्ला करतात. बार्ट-२ ते प्रथिनच कमी करतो.

हे सारे वाचून बार्टलाच आरोपी ठरवू नका. यातले बरेच पुरावे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतले आहेत आणि एकेका मायक्रोआरएनएचा परिणाम सहसा माफक असतो. या गाठींत डीएनएवर मिथाइल गटांचा विलक्षण थर चढून गाठरोधक जनुके बंद पडलेली असतात, शिवाय पेशीच्या वाढीशी संबंधित पीआयके३सीए जनुकात बदल वारंवार आढळतात. बार्ट या सगळ्याच्या जोडीने काम करतात.

रक्तातल्या ईबीव्ही अँटिबॉडी तपासून हा कर्करोग आधी कळेल का? (कोल्हापूर)

नाही. पैसे वाचवा. अँटिबॉडी एवढेच सांगतात की विषाणू कधीतरी येऊन गेला, आणि तो तर बहुतेकांकडे येऊन गेलेला असतो. निदान होते ते बायोप्सीच्या तुकड्यावर ‘एबर’ तपासणीने. एबर हेही विषाणूचे छोटे आरएनए, पण मायक्रोआरएनए नव्हेत; दोन्हींची सरमिसळ नेहमी होते. रक्तातले बार्ट मोजण्यावर संशोधन चालू आहे, पण ती नेहमीची तपासणी झालेली नाही.

गाठीत ईबीव्ही असला तर उपचार बदलतात का? (ठाणे)

रोग पसरलेला असेल तर बदलू शकतात. या गाठींत रोगप्रतिकारक पेशींना थोपवणारे पीडी-एल१ हे प्रथिन बऱ्याचदा वाढलेले असते, म्हणून इम्युनोथेरपीचा (रोगप्रतिकारशक्तीला गाठीवर हल्ला करू देणाऱ्या उपचाराचा) विचार होतो. दक्षिण कोरियातल्या ६१ रुग्णांच्या एका अभ्यासात (२०१८) ईबीव्ही असलेल्या सहाही रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाने फरक पडला. सहा हा आकडा लहानच, आणि नंतरच्या अभ्यासांत यश इतके सरसकट दिसले नाही. एबरसोबत एचईआर२ (पेशीला वाढीचा संकेत देणारे प्रथिन), पीडी-एल१ आणि एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा) तपासले का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. बार्टना रोखणारे औषध अजून प्रयोगशाळेतच आहे.

ईबीव्हीची लस घेता येईल का? (बेळगाव)

मान्यताप्राप्त लस अजून नाही. चाचण्या सुरू आहेत. तोवर हेलिकोबॅक्टर आढळला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याचे औषध पूर्ण घ्या.