मधुमेहामुळे लिंगाला ताठरता येण्यात अडचण का येते, आणि ती कायमची असते का?

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की लिंगाकडे संदेश नेणाऱ्या नसा क्षीण होतात, आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड कमी सुटल्यामुळे त्या पुरेशा सैलावत नाहीत. म्हणून इच्छा असूनही ताठरता टिकत नाही. लिंगाच्या धमन्या जेमतेम १ ते २ मिलिमीटर रुंदीच्या, तर हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या असल्याने लिंगाच्या धमन्या आधी तुंबतात, म्हणून ही तक्रार हृदयविकाराची आगाऊ सूचनाही असू शकते (लाजेपोटी ती लपवणे म्हणूनच महागात पडते). साखर आणि रक्तदाब आटोक्यात आणून धूम्रपान सोडल्यास पुष्कळांना फरक पडतो, मात्र नसांची जुनी हानी सहसा पूर्ण भरून येत नाही. सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या उपयोगी असल्या, तरी छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्यांचा रक्तदाब या गोळ्यांनी धोकादायकरीत्या घसरतो. त्या परस्पर घेऊ नयेत.