मस्टँग : एका नावाच्या सात पिढ्या

प्रश्न : माझ्या मुलाने फोर्ड मस्टँगच्या लहान प्रतिकृती जमवून त्या वर्षांच्या क्रमाने मांडल्या आहेत. 1965 ची गाडी सुटसुटीत, 1971 ची लांबरुंद, 1974 ची एकदम आखूड, 1987 ची चौकोनी आणि 2005 ची पुन्हा पहिल्या गाडीच्या वळणावर गेलेली दिसते. कंपनीने एवढी धरसोड का केली असावी?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : धरसोड दिसते खरी, परंतु तिचा उलगडा करायचा तर पत्र्याचा आकार पाहून भागत नाही, त्याखालचा सांगाडा मुळात कोणत्या गाडीचा होता हे पाहावे लागते. 17 एप्रिल 1964 रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग लोकांसमोर आली, तेव्हा लांब बॉनेट आणि आखूड डिकीच्या त्या देखण्या रूपाखाली फाल्कन या फोर्डच्याच साध्या कौटुंबिक गाडीचे सामान होते. म्हणूनच तिची किंमत 2,368 डॉलरपासून सुरू करता आली. त्या किमतीत सहा सिलिंडरचे 2.8 लिटरचे बेताचे इंजिन मिळे. व्ही-8, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरचे इंजिन, हवे असेल तर जादा पैसे मोजावे लागत. फोर्डचे तेव्हाचे वरिष्ठ अधिकारी ली आयकोका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण ग्राहक बरोबर हेरला होता, कारण पहिल्याच वर्षात 4,18,812 गाड्या विकल्या गेल्या.

पुढे जनरल मोटर्स या प्रतिस्पर्धी कंपनीच्या कॅमारो आणि फायरबर्ड मैदानात उतरल्या आणि इंजिनांची चढाओढ लागली. मोठे इंजिन मावावे म्हणून 1967 मध्ये गाडी रुंद झाली, 1969 मध्ये तर सात लिटरच्या इंजिनाचे बॉस 429 हे मॉडेल आले. जनरल मोटर्समधून फोर्डचे अध्यक्ष म्हणून आलेले नुडसेन यांचा ओढा मोठ्या गाडीकडे होता; 1971 चे ते ऐसपैस मॉडेल बाजारात येण्याआधीच त्यांना कंपनीतून जावे लागले, गाडी मात्र त्यांच्या मनासारखी निघाली. ग्राहकांना ती फारशी मानवली नाही. तरुण चालकांच्या ताकदवान गाड्यांचे विम्याचे हप्ते भडकले होते आणि 1970 च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे इंजिनांवर बंधने येऊ लागली होती. 1966 च्या मॉडेलवर्षात (ते आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते) सहा लाखांवर गेलेली विक्री 1972 मध्ये सव्वा लाखावर आली.

त्यानंतरची मस्टँग टू, म्हणजे दुसरी पिढी, ही शौकिनांच्या सर्वाधिक टिंगलीचा विषय झालेली गाडी आहे. मला ती टिंगल अन्यायाची वाटते. पिंटो या छोट्या गाडीच्या भागांवर बेतलेली, सुमारे साडेचार मीटर लांबीची ही गाडी सप्टेंबर 1973 मध्ये आली आणि पुढच्याच महिन्यात अरब राष्ट्रांनी अमेरिकेचे तेल रोखले. पेट्रोल पंपांवर रांगा लागलेल्या असताना चार सिलिंडरची मस्टँग दुकानात उभी होती, हा दैवयोग. परंतु गाडी लहान करण्याचा निर्णय त्याआधीच, घटत्या विक्रीकडे पाहून झालेला होता. 1974 च्या मॉडेलवर्षात 3,85,993 गाड्या बनल्या. त्या वर्षी अमेरिकेत व्ही-8 मिळतच नव्हते. 1975 मध्ये ते परतले, तेही सुमारे 140 अश्वशक्तीचे. गंमत अशी की जुन्या गाड्यांची पुनर्बांधणी करणारे हौशी कारागीर आजही याच नाकारलेल्या गाडीच्या धर्तीचे पुढचे सस्पेन्शन आवर्जून बसवतात.

1979 ची तिसरी पिढी फॉक्स नावाच्या सांगाड्यावर आली. फेअरमॉण्ट ही चौकोनी घरगुती गाडी त्याच सांगाड्यावर उभी होती, त्यामुळे आपल्या मुलाकडची 1987 ची प्रतिकृती तशी दिसते यात नवल नाही. याच काळात मस्टँगचे नाव जवळजवळ हातचे गेले होते. माझदा या जपानी कंपनीच्या तंत्रावरची, पुढच्या चाकांना ताकद देणारी गाडी मस्टँग म्हणून आणण्याचा कंपनीचा विचार बाहेर फुटला आणि चाहत्यांनी निषेधाच्या पत्रांचा पाऊस पाडला. ती गाडी अखेर प्रोब या नावाने विकली गेली, तर मागच्या चाकांना ताकद देणारी जुनी मस्टँग 1993 पर्यंत चालू राहिली. 1994 ची चौथी पिढी तोच सांगाडा सुधारून केलेली होती.

2005 मध्ये मस्टँगला प्रथमच बहुतांशी स्वतःचा म्हणता येईल असा सांगाडा मिळाला. उसन्या सांगाड्याची अडचण उरली नाही, तेव्हा आराखडाकारांनी मुद्दाम साठच्या दशकातील रेषा परत आणल्या. सायगावमध्ये जन्मलेले हाऊ थाय-टँग हे या गाडीचे मुख्य अभियंता होते. मागचा अखंड एक्सल, म्हणजे मागची दोन्ही चाके एकत्र जोडणारा आडवा दांडा, मात्र त्यांनीही ठेवला. पहिल्या दोन पिढ्यांत त्याला पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग, म्हणजे पाटे, होते, जसे नाशिकच्या महिंद्रा कारखान्यात बनणाऱ्या बोलेरोला असतात. फॉक्सपासून गुंडाळीच्या स्प्रिंग आल्या, तरी कोब्रा या मस्टँगच्या जास्त ताकदवान प्रकारातील काही गाड्या सोडल्या तर एक्सल अखंडच राहिला. ड्रॅगच्या, म्हणजे सरळ रेषेतील, शर्यतीत तो भक्कम ठरे, खडबडीत वळणावर मात्र गाडी उसळे. 2015 च्या सहाव्या पिढीत मागची दोन्ही चाके स्वतंत्रपणे हलू लागली, आणि माझ्या मते आकारातील सगळ्या बदलांपेक्षा हा बदल मोठा आहे. 2024 ची सातवी पिढी बाहेरून नवी असली तरी खालून बरीचशी सहावीच आहे. पाच लिटरचे व्ही-8 तिने राखले आहे.

प्रश्न : 1971 च्या मस्टँगमधील 302 घन इंचांच्या इंजिनाची 210 अश्वशक्ती छापलेली आढळते, 1972 मध्ये त्याच मापाच्या इंजिनाची 140 च्या आसपास. एका वर्षात एवढी ताकद कशी गेली?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : त्यातील बरीचशी ताकद केवळ कागदावरून गेली. 1971 पर्यंत अमेरिकी कंपन्या इंजिन चाचणीच्या स्टँडवर चढवून, पंखा, अल्टरनेटर, एअर क्लीनर आणि गाडीचा नेहमीचा सायलेन्सर यांचा भार न टाकता मोजमाप करीत आणि तो आकडा जाहिरातीत छापीत. 1972 च्या मॉडेलवर्षापासून ही सारी जोडणी लावून मोजलेला आकडा देण्याची पद्धत रूढ झाली. उरलेली घट खरीखुरी होती: शिसेविरहित पेट्रोल आणि धुराचे नियम डोळ्यांसमोर ठेवून कंपन्या कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन-हवेचे मिश्रण दाबण्याचे प्रमाण, कमी करीत होत्या. त्यामुळे 1972 पूर्वीचा आणि नंतरचा आकडा शेजारी मांडून तुलना करू नये. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना ही तुलना फार आवडते, म्हणून सांगून ठेवतो.

प्रश्न : उजवीकडे स्टिअरिंग असलेली मस्टँग भारतात मिळाली होती काय? वापरलेली घेण्याचा विचार आहे.
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : होय. सहाव्या पिढीपासून अमेरिकेतील कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची गाडी निघू लागली आणि 2016 मध्ये ती भारतात सुमारे 65 लाख रुपये शोरूम किमतीला आली. इंजिन 4,951 सीसीचे व्ही-8, ताकद 401 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती), गिअर ऑटोमॅटिक. गाडी पूर्ण तयार स्थितीत आयात होत असल्याने किंमत चढी होती. सप्टेंबर 2021 मध्ये फोर्डने भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. म्हणून सौदा करण्याआधी सुटे भाग कोठून येणार आणि किती दिवसांत येणार हे लेखी विचारून घ्यावे, दुरुस्तीची जुनी कागदपत्रे मागावीत आणि गाडी लिफ्टवर चढवून खालचा भाग पाहावा, कारण ती जमिनीलगत असल्याने गतिरोधकांवर घासलेली असण्याची शक्यता बरीच असते.