नाचता येतं, पण बघता येतं का?

प्रश्न : अंबाजोगाईला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. युवक महोत्सवात तीन वर्षं नाचले. तान्ही बाळं आणि त्यांच्या आईवडिलांवर हालचालींतून उपचार करणारे थेरपिस्ट असतात, असं वाचलं. मला तेच करायचंय. वडील म्हणतात, ‘नाचून लेकरं बरी होतात व्हय?’

उत्तर : वडिलांना सांग, नाही होत. या कामात थेरपिस्ट फारसा नाचतच नाही, बघतो. दूध पिताना बाळ मान फिरवतं, मुठी आवळतं. आई घाबरून जोरात थोपटते, बाळ आणखी ताठतं. थेरपिस्ट त्यांची लय आधी आपल्या अंगात घेतो, हळूहळू सैल करतो. मान फिरवणं म्हणजे नकोपणा नव्हे, ‘जरा थांब’ असंही असू शकतं, हे आईला तिथंच दाखवतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आयांना थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं होतं. बाळांनी आधी आईला बोलतं करायची धडपड केली, मग तोंड फिरवलं. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या बाईला यातलं बरंच कळतं. ती फी घेत नाही, लुगडं घेते.

आता पोटापाण्याचं. २०२१ च्या आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या केंद्रीय कायद्यात मूव्हमेंट थेरपिस्टचं नाव आहे. पण नाव असणं वेगळं, जागा निघणं वेगळं. त्या नावाच्या जाहिरातीची वाट बघत बसू नकोस. आधी एम.ए. मानसशास्त्र किंवा एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी कर. संभाजीनगरच्या विद्यापीठात सोय आहे. मग या थेरपीचं प्रशिक्षण घे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं ‘कोलकाता संवेद’ या संस्थेबरोबर डान्स मूव्हमेंट थेरपीची, म्हणजे नृत्य-हालचालींतून उपचारांची पदविका चालवली आहे. यंदा प्रवेश आहेत का, ते फोन करून विचार. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र घेऊन कुणाच्या बाळाला हात लावू नकोस. बाळाची वाढ मागे वाटली तर आधी बालरोगतज्ज्ञ, मग आपण.

नोकरी बहुधा समुपदेशक म्हणून मिळेल: जिल्ह्याच्या डीईआयसीत (लहान मुलांमधले दोष, वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र), बालविकास केंद्रात किंवा एखाद्या संस्थेत. दिवाळीनंतर तान्हं लेकरू घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या बाया तुझ्याच जिल्ह्यात आहेत. तिथं काम भरपूर आहे, पगार बेताचा.

तोवर एक कर. सेविकाताईंना आणि त्या आईला विचारून अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी कोपऱ्यात बस. एकच मायलेक अर्धा तास बघ. आधी कोण कुणाकडे बघतं, हात कधी पुढे येतो, कधी मागे जातो, एवढंच लिही. ‘गोड’, ‘खट्याळ’ असले शब्द चालणार नाहीत. दोन-तीन महिने हे करून कंटाळली नाहीस, तर वही घेऊन भेट. वडिलांनाही आण.