नवा बेस घेऊ की जुना दुरुस्त करू?

प्रश्न: मी 34 वर्षांचा, नाशिकला नोकरीला. हातात 38,000 पगार. सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. वर्षाला 14-15 शो, शोचे 2,000. पावसाळ्यात बेसची नेक (तारांखालची लांब दांडी) वाकली, तारा उंच झाल्या, आठव्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) बोट ठेवलं की खरखर येते. दुरुस्तीवाला 3,500 सांगतो. दुकानदार म्हणतो, 42,000 चा नवा घ्या, कार्डावर 12 महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय. नव्या बेसमुळे शोही वाढतील. कार्डावर आधीचे 90,000 आहेत, पण मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) न चुकता भरतो. शिवाय 36,000 वार्षिक हप्त्याची पॉलिसी आहे: 10 वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी गॅरंटीड डबल. दोन हप्ते झाले. काय करू?

उत्तर: 3,500 देऊन बेस दुरुस्त करून घ्या. नव्याचा एका महिन्याचा हप्ताच तेवढा आहे. चार तारा मिळून नेकला पाऊणशे किलोच्या आसपास ओढत असतात, त्यात लाकडाला दमट हवा लागली की नेक झुकते. त्यासाठीच नेकच्या आत ट्रस रॉड, म्हणजे ती सरळ करणारी धातूची सळई, असते. ती पाव वळसा आवळायची, एक दिवस थांबायचं, पुन्हा बघायचं. खरखर बहुधा नवव्या फ्रेटमुळे आहे. तार बाजूला करून क्रेडिट कार्डाची लांब कड आठव्या, नवव्या आणि दहाव्या फ्रेटवर टेकवा. कार्ड डुगडुगलं तर मधला फ्रेट वर आलाय. तो ठोकणं-घासणं कारागिराकडे सोपवा, स्वतः कानस घेऊन बसू नका.

कार्डाचा घरात एवढाच उपयोग राहू द्या.

‘मिनिमम न चुकता भरतो’ हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. बँक खूश असणारच! 90,000 वर महिना साडेतीन टक्के म्हणजे 3,150. जीएसटी धरून 3,700. मिनिमम 5 टक्के धरलं तर 4,500. मुद्दल फिटलं 800. वर्षभरात 50,000 च्या वर भरून कर्ज 10,000 नेही उतरत नाही. आणि बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज टाकलेल्या पेट्रोलवर आजपासून व्याज. त्यात दुकानदाराचे महिना 3,500 घाला, मिनिमम 8,000 वर जाईल. शो वाढण्याचं मनातून काढा. आयोजकाला गायिकेचं नाव माहीत असतं, बेसवाल्याचं नाही.

आता ती पॉलिसी. ‘डबल’ म्हटलं की लोक आकडेमोड करायची सोडून देतात. 3,60,000 भरून 7,20,000, पण हप्ते सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतात. परतावा पडतो वर्षाला साडेचार टक्के. अंगावर महिना साडेतीन, म्हणजे वर्षाला 42 टक्क्यांचं कर्ज ठेवून तुम्ही साडेचार टक्क्यांनी बचत करताय, आणि विकणाऱ्याने तुमच्यावर कर्ज किती हे विचारलंसुद्धा नसेल. विमा म्हणाल तर अशा पॉलिसीत कव्हर साधारण हप्त्याच्या दहापट, म्हणजे तुमचे नऊ-दहा पगार.

कार्डाची बाकी पर्सनल लोनमध्ये वळवा. 16 टक्क्यांनी मिळालं तरी दोन वर्षांचा हप्ता 4,400 बसतो, आत्ताच्या मिनिममपेक्षा कमी, आणि दोन वर्षांत कर्ज संपतं. विमा कंपनीकडून सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी आत्ता मोडली तर मिळणारी रक्कम, लेखी मागवा. 72,000 पैकी 25,000 च आले तर जीव तुटेल, तरी घ्या आणि लोनमध्ये भरा. फक्त त्याआधी साधा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा, सुरू करा. विमा नसलेला एक दिवसही नको.

तिसरा हप्ता कधी आहे ते तुम्ही लिहिलं नाही. खात्यातून आपोआप कापला जात असेल तर आधी बँकेत जाऊन ते थांबवा. बेस पुढच्या शनिवारी नेला तरी चालेल.