आधी लिहून टाक, मग थांब

अगं, तुझा मेसेज दोनदा वाचला. तुझी लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये फुकट वापरावा म्हणून तू लिहिलेला तयार कोड, बंद करू की चालू ठेवू, आठवड्याला अजून हजारो डाउनलोड होतायत, मग टाकून कशी देऊ, असं विचारतेस. पण आठ महिने तू एकाही इश्शूला, लोकांनी नोंदवलेल्या अडचणीला, उत्तर दिलेलं नाहीस आणि रीडमीत, म्हणजे लायब्ररीच्या माहितीपानावर, अजून 'नवी आवृत्ती लवकरच' असंच आहे. म्हणजे बंद तर तू केव्हाच केलीयेस, फक्त कुणाला सांगितलं नाहीस. ते आधी लिहून टाक.

मी हेच केलंय म्हणून एवढं तोडून बोलतोय. माझी फाइली वाचायची एक लायब्ररी होती, तिच्यावर मी तीन वर्षं गप्प बसलो, दर आठवड्याला वाटायचं की या शनिवारी बसूच. एकाने चार ओळींची दुरुस्ती पाठवली होती, टेस्टसकट, आणि खाली दर दोन-तीन महिन्यांनी त्याचीच कमेंट, 'काही कळेल का?' शेवटची होती, 'ठीक आहे, आम्ही दुसरं शोधलं.' त्या चार ओळी मला आजही पाठ आहेत. एक वाक्य लिहायचं होतं गं, नाही लिहिलं.

डाउनलोडचं काय घेऊन बसलीस? तारखा हाताळणारी मोमेंट-जेएस ही लायब्ररी सप्टेंबर 2020 मध्ये आठवड्याला 1 कोटी 20 लाखांवर डाउनलोड होत होती, तरी त्यांनी सरळ लिहिलं की नव्या प्रोजेक्टात ही घेऊ नका, लक्सन किंवा डे-जेएस या दुसऱ्या लायब्ररी बघा. कारणही सांगितलं, तारखेत फेरफार केला की नवी प्रत न मिळता मूळ तारीखच बदलते आणि ते सुधारायला गेलं तर ती वेगळीच लायब्ररी होईल. पायथन 2 या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीचा सपोर्ट थांबवायची मुदत 2015 वरून 2020 वर नेली, लोकांना पाच वर्षं जास्त मिळाली, पण तारीख लिहिलेली होती. लिहिलेली!

आणि 'कुणाला तरी सोपवते' हे डोक्यातून काढ. इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या लायब्ररीचे हक्क मदतीला आलेल्या अनोळखी माणसाला दिले गेले आणि 2018 मध्ये त्यातून बिटकॉइन वॉलेटवर डोळा ठेवणारा कोड घुसला. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या टूलमध्ये तर एकाने दोन वर्षं नीट दुरुस्त्या पाठवून विश्वास कमावला आणि 2024 मध्ये बॅकडोअर, म्हणजे गुपचूप आत शिरायचा चोरदरवाजा, बसवलं. मी माझी कुणालाच दिली नाही, अडवून बसलाय म्हणून लोकांनी खूप सुनावलं, मी म्हटलं लायसन्स खुलं आहे, फोर्क करा, म्हणजे कोडची आपली प्रत काढा, आणि आपल्या नावाने चालवा. ते बरोबरच होतं, आजही तेच करीन.

लोक जिथून लायब्ररी उतरवून घेतात त्या एनपीएमवरून पॅकेज काढून मात्र टाकू नकोस. 2016 मध्ये लेफ्ट-पॅड या छोट्याशा पॅकेजच्या 11 ओळी काढल्या तर त्यांच्यावर अवलंबून असलेले प्रोग्रॅम जगभर तयार होईनात. एनपीएमवर डेप्रिकेट कर, म्हणजे 'आता वापरू नका' अशी खूण लाव, इन्स्टॉल करणाऱ्याला सूचना दिसते आणि जुना कोड चालत राहतो. रेपो, म्हणजे कोड आणि इश्शू जिथे ठेवलेत ती जागा, आर्काइव्ह करून गोठवायचं ते सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर इश्शूत काही लिहिता येत नाही, आणि तुला तर अजून आठ महिन्यांची उत्तरं द्यायचीत.

आज रात्री रीडमीच्या अगदी वर लिही, सुरक्षेच्या दुरुस्त्या कुठल्या तारखेपर्यंत करशील, त्यानंतर काय होणार नाही, लोकांनी कुठे जावं. थकलेय असंही लिही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लिहून झालं की मला पाठव, मी जागा आहे.